पायाखालचा पाणवठा

सोलापुरात मी लग्न होऊन आले तेव्हा समुद्र माझ्याआधीच त्या घरात पोचलेला होता, पण वाळलेला. स्वयंपाकघरात फळीवर पत्र्याच्या डब्यात सुकट होती आणि खुंटीला बोंबलांची जुडी टांगलेली होती. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी त्यातले काही बोंबील काढले, पाट्यावर ठेचले, तव्यावर भाजले आणि लसूण-मिरचीच्या गोळ्याबरोबर भाकरीवर ठेवले. चव चांगली होती. पण मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. म्हणाले, "हे ओले असताना इतके मऊ असतात की हातात नीट धरता येत नाहीत."

सासूबाईंनी उरलेला एक बोंबील उचलून फरशीवर आपटून दाखवला. "ह्यो मऊ? काटकी हाय काटकी. तुमच्यात दगडाला बी लोणी म्हणत असतील."

मी रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. यांच्या कचेरीत आमच्या गावचे एक गृहस्थ बदलून आले होते, त्यांनी हे स्थळ सुचवलं. दोन्ही घरं बौद्ध, मुलगा पगारी नोकरीतला, तेव्हा वडिलांनी अंतराचा विचार केला नाही. तो मलाच एष्टीत करावा लागला. यांच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत, म्हणून मीही आत्याच म्हणू लागले. घरात आम्ही तिघंच. हे सकाळी डबा घेऊन गेले की संध्याकाळपर्यंत आत्या आणि मी समोरासमोर. भांडायला विषय हवा होता, तो आम्हाला पाण्यात सापडला.

गल्लीच्या टोकाला एक विहीर होती. तिचं पाणी खारं म्हणून धुण्याभांड्याला, कारण त्यात डाळ शिजायची नाही. प्यायला नळाचं गोडं पाणी. आत्यांची ठाम समजूत अशी की समुद्र म्हणजे तसलीच विहीर, फक्त पलीकडचा काठ नसलेली. मी सांगायची, "अहो, ते खारं वेगळं. समुद्राचं पाणी तोंडात धरवत नाही."

"मग माशास्नी कसं धरवतंय?"

त्यावर मी आणखी बोलायची. खाडीत नदीचं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांत मिसळतं, ते मचूळ. त्या मचूळ पाण्यातली बोय आणि शेंगटी वेगळी, तिथली कालवं आणि तिसऱ्या वेगळ्या, आणि बाहेर खोल पाण्यातले बांगडे, सुरमई वेगळे. भरतीचं पाणी जिथवर शिरतं ती चिखलाची जमीन म्हणजे खाजण. वाळूची पट्टी म्हणजे पुळण. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जोरात चढतं ते उधाण, अष्टमीच्या आसपास सुस्त असतं तो भांग. आत्या भाकरी थापता थापता ऐकायच्या. "एवढी नावं पाण्याला? आमच्यात लेकरास्नी बी एवढी ठेवत न्हाईत."

हे काही खरं नव्हतं. त्यांच्याकडेही नावं भरपूर होती, फक्त ती त्यांना नावं वाटत नसत. त्यांचं माहेर करमाळा तालुक्यात, भीमेच्या काठी. त्यांच्या बोलण्यातली नदी म्हणजे एक नदी नसायचीच. पाणी खोल आणि गप्प असेल तिथे डोह, पायी ओलांडता येईल तिथे उतार, ओढ असेल तिथे धार, काठाची माती पायाखालून सरकते ती घसरण. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की वाळूत खड्डा करून पाणी काढायचं, तो झिरा. डोहात मरळ आणि वाम, गाळात शिंगी, काठच्या गवतात पाणकोंबडी. पाणमांजराचं नाव निघालं की त्या आवाज खाली आणायच्या, जणू ते गल्लीत ऐकत बसलंय.

मरळीबद्दल त्यांच्या माहेरी एक रीत होती. पिल्लांचा घोळका घेऊन फिरणारी मरळ धरायची नाही, मग घरात कालवणाला काही असो वा नसो. "आय हाय ती. पिल्लांवर डोळा ठिऊन फिरती," त्या म्हणायच्या. मग मला विचारायच्या, "तुमची मासळी राखती व्हय पिल्लांस्नी?" मी म्हटलं, बहुतेक अंडी घालतात आणि निघून जातात. आत्यांना हे ऐकून फार समाधान वाटलं. पुढे कितीतरी दिवस समुद्राचा विषय निघाला की त्या एवढंच म्हणायच्या, "मोठा हाय गं, पर माया न्हाय."

वाद मिटवायला शेजारणींना बोलवावं तर शब्द आणखी वाढत. भिंतीपलीकडची विणकराची बायको माशांना तेलुगूत चेपलु म्हणायची. समोरची अक्कलकोटकडची बाई स्वतः मासे खात नव्हती, तरी मीनु हा कानडी शब्द तिनं नाक मुरडत का होईना सांगितला. फक्त बगळा आणि टिटवी यांच्यावर आत्यांचं आणि माझं एकमत होतं. ते दोघंही खाडीवर आणि भीमेवर सारखेच वागत.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आत्या मला माहेरी घेऊन गेल्या. केमला गाडीतून उतरलो. आत्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे मामा, बैलगाडी घेऊन स्टेशनाबाहेर उभे होते. गाव जवळ आलं तसं गाडी घराकडे न वळता सरळ नदीकडे गेली. मला वाटलं बैलांना पाणी दाखवायचं असेल. पण गाडी थांबताच आत्या एकट्याच उतरल्या आणि काठाकडे चालू लागल्या.

त्या गावाला दोन पाणवठे होते. एक वरच्या अंगाला, घडीव दगडी पायऱ्यांचा. तो गावाचा. दुसरा खालच्या अंगाला, बाभळीच्या पुढे, नुसता मातीचा उतार. तो आमच्या लोकांचा. आमच्या हातचं पाणी वाहत गावाकडे जाऊ नये म्हणून आम्ही खाली. आता तसं कुणी अडवत नाही, मामा म्हणाले, पण पायाला पडलेली वाट तीच. कोकणातही हे होतं, मला नवं नव्हतं, तरी त्या घडीव पायऱ्या बघून माझं डोकं तापलंच.

खालच्या पाणवठ्यावर एक मोठा काळा दगड होता. आत्यांच्या आईवडिलांनी तो कुठूनसा ढकलत आणून काठाला बसवला होता, म्हणजे बायकांना चिखलात उभं राहून धुवायला नको. वर्षानुवर्षं घागरी टेकवून त्याच्या एका कडेला वाटीएवढी खळी पडली होती. आत्या त्या दगडावर उभ्या राहिल्या, पाय धुतले आणि हळूच, पण मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "आले गं आई."

आई जाऊन खूप वर्षं झाली होती. पण आत्या लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आल्या तेव्हा आई घरात नव्हती, या दगडावर धुणं धूत होती. तेव्हापासून त्यांची रीत पडली. आधी पाणवठा, मग घर. पाय धुतल्याशिवाय त्या माहेरचा उंबरा ओलांडत नसत. मामांना हे इतकं सवयीचं झालं होतं की गाडी आपोआप तिकडे वळायची.

धरणाचं काम खाली उजनीला कधीचंच सुरू झालं होतं. गाव पाण्यात जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच खरं वाटत नव्हतं. मग पुढच्या वर्षी खरं वाटायची वेळ आली. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी उतरवली. वासे, पत्रे, दारं, चौकटी गाड्यांत भरून वर माळावर नव्या गावठाणात नेल्या. मामांनी तर चुलीचे दगडसुद्धा नेले. फक्त पाणवठ्याचा दगड राहिला. तो इतका खोल रुतला होता की चार गडी लावूनही हलला नाही. मामा सोलापूरला येऊन हे सांगत होते तेव्हा मी चहा ओतत होते.

"तितं नळ येणार हाय आक्का," ते म्हणाले. "दगड काय करायचा? तू नव्या घराला ये म्हंजे झालं."

आत्या म्हणाल्या, "पाय कुटं धुवू?"

"मोरीत धू की. चांगली फरशीची मोरी बांधतोय."

मामा गेल्यावर कपबश्या विसळताना आत्या मला म्हणाल्या, "मोरीत पाय धुऊन पाव्हणं येत्यात. माहेरवाशीण न्हाय."

पावसाळ्यात पाणी चढलं. गाव कसं गेलं ते आम्ही पाहिलं नाही, फक्त ऐकलं. वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा एकाच पाण्याखाली गेले, एवढं एक बरं झालं, असं मी म्हणाले. आत्यांना ते आवडलं नाही. दिवाळीला मामा न्यायला आले तर त्यांनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. संक्रांतीलाही तेच. मामा जाताना दारात उभे राहून म्हणाले, "आक्का, पाण्यानं घर नेलं. तू भाऊ बी नेतीस काय?" आणि उत्तराची वाट न पाहता गेले. आत्या दिवसभर जेवल्या नाहीत. दोघांचंही मला पटत होतं आणि दोघांचाही मला राग येत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "तुझ्या गावाला पाणी चढतंय आन उतरतंय म्हणतीस. ह्ये बी उतरंल का गं?"

"आत्या, ती ओहोटी. समुद्राची. हे धरण आहे."

"उन्हाळ्यात पाणी सोडत्यात म्हणं कालव्याला. मग उतरंल की." आणि त्या दिवसापासून आमच्या घरात, समुद्रापासून इतक्या लांब, ओहोटी हा शब्द रोजच्या वापरात आला. वैशाखात ओहोटी लागंल, त्या शेजारणींना सांगायच्या. शेजारणी माझ्याकडे बघायच्या. मी मान हलवून मोकळी व्हायची.

पण तो उन्हाळा आला तेव्हा मी माहेरी होते, पहिल्या बाळंतपणाला. मुलगी झाली. ती तीन महिन्यांची झाल्यावर न्यायला हे आले आणि बरोबर आत्याही आल्या. उन्हाळा उलटून चालला होता. पाणी उतरलं होतं, पण पायऱ्यांपर्यंत नाही, असा मामांचा निरोप आला होता. आत्यांनी बाळ मांडीवर घेतलं, तिचे पाय दाबून पाहिले, आणि मग म्हणाल्या, "दाव तुझी ती ओहोटी."

मी त्यांना खाडीवर नेलं. आम्ही गेलो तेव्हा पाणी नारळीच्या बुंध्यापर्यंत होतं. एका होडीच्या सावलीत त्या बसल्या. पाणी मागे सरू लागलं. खडक दिसले, मग खडकांवरची कालवं, मग खाजणातला काळा चिखल आणि त्यावर पळणाऱ्या बारक्या कुर्ल्या. माझी आई आणि वाडीतल्या बायका कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि तिसऱ्या शोधू लागल्या. या शिंपल्या चिखलात दडलेल्या असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. भार टाचेवर ठेवायचा आणि बोटं पुढे चाचपत न्यायची. दगड कुठला, मूळ कुठलं, शिंपला कुठला, हे अंगठा सांगतो. मी लहानपणापासून हेच केलं होतं.

"आंधळ्यावानी काय चालल्यात?" आत्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पायानं बघायचं? लई तऱ्हा तुमच्या."

संध्याकाळी पाणी परत आलं, खडक झाकले गेले. आत्यांनी निघताना मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलले ते चुकलंच माझं. माया हाय त्याला. घेतलेलं रोज दावतंय तरी." माझ्या समुद्राबद्दल त्या घरात पहिल्यांदाच कुणी चांगलं बोललं होतं.

त्या साली पाऊस रडतखडतच झाला. पुढच्या उन्हाळ्यात मामांचा माणूस निरोप घेऊन आला, वरच्या पाणवठ्याच्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. आत्यांनी तो ऐकताच पेटी खाली काढली. यांनी रजा टाकली. केमला मामा बैलगाडी घेऊन उभे होते. बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत, पण मामांनी मुलीला उचलून आधी स्वतःच्या मांडीवर घेतलं. गाडी न सांगता नव्या गावठाणाला वळसा घालून पाण्याकडे गेली.

मी असा प्रदेश पाहिला नव्हता. माती भेगाळलेली, त्यात गोगलगाईंचे पांढरे शंख, पाण्यानं काळी पडलेली बाभळीची खोडं, आणि काठावरून खाली पाण्यात गेलेले मोटारींचे पाइप. गावाच्या पायऱ्या खरोखरच वर आल्या होत्या. त्यांच्यावर माणसं येऊन बसली होती, गप्पा मारत होती. आमच्या पाणवठ्याच्या जागी मात्र पाणी होतं. गढूळ आणि सपाट.

आत्या वाळलेल्या बाभळीजवळ उभ्या राहिल्या आणि पाण्याकडे बघत राहिल्या. आमचा पाणवठा खालच्या अंगाला, तेव्हा पाणी उतरताना तो सगळ्यांत शेवटी उघडा पडणार. हे त्यांनी कधी मनाशी धरलंच नव्हतं.

"गेला तो, आक्का," मामा म्हणाले. आवाज मऊ होता. "गाळ बसलाय वर. आता घरला चल."

"तुमी जावा," आत्या म्हणाल्या. "मी हितंच बसते. मग गाडी गाठू."

म्हणजे परत सोलापूर. मामांचा चेहरा मला पाहवेना. मला राग आला, धरणाचा, त्या कोरड्या पायऱ्यांचा, आत्यांच्या हट्टाचा, सगळ्याचा एकदम. मी मुलगी यांच्या हातात दिली, पदर खोचला, नऊवारी नव्हती म्हणून साडीच गुडघ्यावर ओढून बांधली आणि पाण्यात शिरले.

"अगं पोरी, गाळ हाय तितं!" मामा ओरडले.

"गाळातच वाढलेय मी," मी म्हणाले.

पाणी कोमट होतं. गाळ खाजणासारखाच, फक्त त्याला मिठाचा वास नव्हता. मी पाय सरकवत निघाले. बोटांना आधी मुळं लागली, मग कौलाचा तुकडा, मग एक शिंपला. मी वाट चुकत होते, कारण खाली काय होतं ते मला माहीत नव्हतं. ते आत्यांना माहीत होतं. मागून त्यांचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा.

"डावीकडं हो. बाभळीच्या सरळ रेषंत. आता घसरण लागंल, जपून."

घसरण लागली.

"आता सपाट हाय का? मग अजून फुडं. फुडं डोह हाय, उजवीकडं जाऊ नगंस!"

पाणी कमरेपर्यंत आलं. मी टाचेवर भार ठेवला आणि अंगठा पुढे नेला. गाळाखाली काहीतरी घट्ट लागलं. शिंपला नव्हता, मूळ नव्हतं. मी पायानं त्याच्या कडेकडेनं फिरले. मोठा होता, सपाट होता. एका कडेला आले आणि माझी टाच अलगद एका खळग्यात बसली.

"आत्या," मी म्हणाले, "खळी आहे."

त्या थेट पाण्यात आल्या. साडी वर घेतली नाही, काही नाही. मामा त्यांना धरायला धावले तर म्हणाल्या, "मला ठाव हाय वाट." मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला, तेही शेवटच्या पावलाला. मी बाजूला झाले आणि त्या दगडावर उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या पोटापर्यंत होतं. त्यांनी पाय थोडा इकडे तिकडे सरकवला, मी शिकवल्यासारखा, आणि खळी सापडल्यावर तो तिथेच ठेवला.

"आले गं आई," त्या म्हणाल्या.

काठावर मामा चेहऱ्यावर उपरणं धरून उभे होते. पायऱ्यांवरची माणसं आमच्याकडे बघत होती. मग आत्यांनी यांना हाक मारून मुलीला आणायला सांगितलं. हे बूट काढून, विजार वर करून, बाळ उंच धरून आले. आत्यांनी नातीचे दोन्ही पाय पाण्यात बुडवले, ओंजळीनं चोळून धुतले आणि पदराला पुसले. नात पाय झाडत हसत होती.

आम्ही चिखलानं माखून काठावर आलो. आत्यांनी मामांच्या हातातलं उपरणं घेतलं, आपले हात पुसले आणि गाडीत चढून बसल्या.

"चल," त्या भावाला म्हणाल्या. "घर दाव तुझं."